शेड भाड्याने देण्याआधी

उल्हासनगर स्टेशनजवळ आपण नाकाला पदर लावून जे काळं पाणी ओलांडतो, त्याला सगळे नालाच म्हणतात. ती वालधुनी नदी आहे. काकोळ्याकडच्या डोंगरातून निघते, अंबरनाथच्या शिवमंदिराला लागून वाहते आणि कल्याणला खाडीत जाते. मंदिराच्या शिलालेखात शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० असा काळ आहे. तेव्हा कोणी नाल्याकाठी देऊळ बांधलं नसणार!

बदलापूरकडची उल्हास नदी पिण्याची, म्हणून तिच्यासाठी आरडाओरड होते. वालधुनी कोणी पीत नाही, म्हणून तिच्यात काहीही सोडलं जातं. २०१४ च्या अखेरीस उल्हासनगरात टँकरमधून तिच्यात रसायन ओतलं गेलं. वायू पसरला आणि शेकडो लोकांना दवाखान्यात न्यावं लागलं.

जीन्स धुलाईचं पाणीही तिच्यातच जायचं. नवी जीन्स फिकी दिसावी म्हणून ब्लीच, सोडा आणि हलके दगड घालून मोठ्या मशिनात फिरवतात. निळा रंग, रसायन, दगडाचा चुरा, सगळं पाण्याबरोबर बाहेर. प्रकरण कोर्टात गेलं आणि २०१८ च्या सुमारास हे कारखाने बंद झाले. आमच्या गटातल्या बायका घरी जीन्सचे धागे कापायच्या, नगावर पैसे मिळायचे. ते काम थांबलं. नदी घाण झाली ती थोडी आमच्या भाकरीसाठीही, हे आम्ही लपवत नाही.

तेव्हापासून आम्ही बंद पडलेल्या जागा बघतोय. अंबरनाथला त्या पुष्कळ. विम्कोचा काडेपेटीचा कारखाना गेला, नाक्याला नाव राहिलं. आम्हाला हवी साधी शेड, शिलाई आणि धागे कापण्यासाठी. त्या कामाला सांडपाणी जवळजवळ नाहीच. एक शेड स्वस्तात मिळत होती. आत कोपऱ्यात पिंपं, जमिनीवर पांढरी भुकटी. मालक म्हणाला, "पाइप लावून धुऊन टाका." धुतलेलं पाणी कुठे जाणार, तर मागच्या गटारातून वालधुनीतच. आम्ही नको म्हटलं. जुना माल आणि गाळ रीतसर उचलायला लावणं हे मालकाचं काम. आणि अशी पिंपं भंगारातून घेऊन त्यात पाणी किंवा तांदूळ कधीही भरू नका, कितीही घासली तरी.

हे गावच्या गटांना का सांगतोय? शहरात बंद झालेले काही धुलाईवाले आजूबाजूच्या गावांकडे सरकले. ओढ्याकाठची शेड, भाडं चांगलं, चार बायकांना काम. नाही म्हणणं अवघडच. पण देण्याआधी दोन गोष्टी विचारा. प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतीपत्र दाखवा. १९७४ च्या पाणी कायद्याप्रमाणे ते उभारणीआधी एक आणि चालू करताना एक, असं दोनदा लागतं. आणि सांडपाणी कुठे शुद्ध होणार, ती टाकी प्रत्यक्ष दाखवा. कागद नसेल तर ग्रामसभेत विषय मांडा आणि इतिवृत्तात लिहून घ्या. तोंडी बोललेलं नंतर कोणाला आठवत नाही.

मंगळवारी आम्ही दुसरी शेड बघायला जातोय. या वेळी आधी मागचं गटार बघणार, मग कुलूप उघडायला सांगणार.