जन्मक्षणीचे लिंगज्ञान आणि लिंगगुणोत्तर : चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांच्या संदर्भात

प्रस्तावना

बाळंतिणीच्या खोलीबाहेर थांबलेल्या आप्तांचा पहिला प्रश्न बहुधा 'काय झाले?' हा असतो. या प्रश्नाला 'मुलगा' किंवा 'मुलगी' एवढे एकच उत्तर अपेक्षित असते. बाळ रडले काय, माता सुखरूप आहे काय, हे त्यानंतर विचारले जाते. या प्रश्नाला कायद्यानेही एक वेगळे महत्त्व प्राप्त झाले आहे. महाराष्ट्राने १९८८ मध्ये प्रसवपूर्व निदानतंत्रांच्या वापराचे नियमन करणारा कायदा केला. केंद्राचा १९९४ चा कायदा १ जानेवारी १९९६ पासून अंमलात आला आणि २००३ मध्ये तो अधिक व्यापक करण्यात आला. गर्भाचे लिंग शब्दाने, खुणेने किंवा अन्य कोणत्याही प्रकारे सांगण्यास या कायद्याने मनाई आहे. त्यामुळे भारतात अपत्याचे लिंग वैधरीत्या कळण्याचा पहिला क्षण हा जन्माचाच होय.

जन्माचा क्रम आणि पहिले मिनिट

गर्भाचे बाह्य जननेंद्रिय साधारणतः बाराव्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंत आकारास येते. प्रसूतीत मात्र ते बरेच उशिरा दृष्टीस पडते. बहुतेक बालके डोक्याकडून जन्मतात. प्रथम डोके, नंतर खांदे, धड आणि त्यानंतर कटिभाग बाहेर येतो. पायाळू बालकाच्या बाबतीत हा क्रम उलटतो. तेथे लिंग आधी कळते आणि श्वासाची खात्री नंतर होते. क्वचित एखाद्या बालकाचे जननेंद्रिय संदिग्ध असते. अशा वेळी घाईने 'मुलगा' वा 'मुलगी' असे घोषित न करता वैद्यकीय तपासणी होईपर्यंत थांबणे हेच उचित होय, कारण काही प्रसंगी त्यामागे अधिवृक्क ग्रंथीचा जिवावर बेतणारा विकार असतो.

श्वास आधी की लिंग आधी, हा प्रश्न वनप्रदेशात केवळ तात्त्विक राहत नाही. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोलीत 'सर्च' या संस्थेचे कार्य आरंभिले. त्या संस्थेने १९९३ ते १९९८ या काळात ३९ गावांत नवजात बालकांच्या घरोघरी काळजीचा प्रयोग केला. गावातीलच अल्पशिक्षित स्त्रिया 'आरोग्यदूत' म्हणून सुईणीसोबत घरच्या बाळंतपणास हजर राहू लागल्या. बाळ रडते काय, श्वास घेते काय, हातपाय हलवते काय, हे जन्मतःच पाहून लिहून ठेवणे त्यांना शिकविण्यात आले. गुदमरलेल्या बालकास कृत्रिम श्वास देण्याचे कौशल्यही त्यांच्यापाशी होते. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, तुलनेच्या गावांशी ताडून पाहता, तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदरात सुमारे ६२ टक्के घट झाली. 'काय झाले?' या प्रश्नाचे उत्तर मिनिटभर लांबले तर काहीच बिघडत नाही; श्वास तेवढाच लांबला तर मात्र भरून न येणारी हानी होऊ शकते.

गुणोत्तराचे वाचन

मानवजातीत नैसर्गिकपणे दर १०० मुलींमागे सुमारे १०५ मुलगे जन्मतात. म्हणजे १००० मुलग्यांमागे मुलींची संख्या ९५० च्या आसपास असते. २०११ च्या जनगणनेत शून्य ते सहा वयोगटाचे गुणोत्तर महाराष्ट्रात ८९४ व बीड जिल्ह्यात ८०७ होते. त्याच वेळी ते गडचिरोलीत ९६१ आणि चंद्रपुरात ९५३ होते. १९८२ पर्यंत हे दोन्ही मिळून एकच जिल्हा होता. यावरून आदिवासी समाज कन्येविषयी उदार असतो, असा सरसकट निष्कर्ष काढला जातो. त्यात तथ्य आहे. गोंड समाजातील वधूमूल्याची रीत आणि शेती-जंगलातील स्त्रीचे श्रम यांमुळे मुलगी हे ओझे ठरत नाही. तथापि, भामरागड किंवा एटापल्लीसारख्या तालुक्यांत सोनोग्राफीची सोय दीर्घकाळ दूर राहिली, हेही विसरता येत नाही. दोहोंपैकी कोणत्या कारणाचा वाटा किती, हे केवळ जनगणनेच्या आकड्यांवरून ठरविता येणार नाही.

लहान संख्येचा धोकाही लक्षात घ्यावयास हवा. एखाद्या परिसरात वर्षाला १००० जन्म झाले आणि कोणीही कसलाही हस्तक्षेप केला नाही, तरी निव्वळ योगायोगाने गुणोत्तर सुमारे ८४० ते १०८० यांमध्ये कोठेही येऊ शकते. एका प्राथमिक आरोग्य केंद्रातील जन्म तर याहून बरेच कमी असतात. अशा केंद्राचे गुणोत्तर एका वर्षी घसरले म्हणून परिचारिकेस जाब विचारणे, अथवा वाढले म्हणून तिचा सत्कार करणे, हे संख्याशास्त्राच्या अज्ञानाचे द्योतक आहे. अनेक वर्षांचे जन्म एकत्र केल्यावाचून त्या आकड्यास अर्थ येत नाही.

नोंदीतील उणीव

जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ नुसार जन्माची माहिती २१ दिवसांत द्यावयाची असते. घरी जन्मून काही तासांतच दगावलेले बालक मात्र पुष्कळदा या नोंदीपर्यंत पोहोचत नाही. बालमृत्यू मोठ्या प्रमाणावर दडलेले राहतात, हे २००१ च्या 'कोवळी पानगळ' या अहवालाने महाराष्ट्रासमोर मांडले. या उणिवेचा लिंगगुणोत्तराशी असलेला संबंध फारसा चर्चिला जात नाही. जैविकदृष्ट्या नवजात मुलगे मुलींपेक्षा अधिक नाजूक असतात आणि पहिल्या आठवड्यात त्यांचे मृत्यू अधिक होतात. असे मृत बालक जन्मनोंदीतूनच गळले, तर कागदावर मुलग्यांची संख्या घटते आणि मुलींचे गुणोत्तर प्रत्यक्षाहून चांगले दिसू लागते. उलट, एखाद्या कुटुंबाने मुलीच्या जन्माची नोंद करण्यात हयगय केली, तर ते विनाकारण खालावते. या दोन चुका परस्परांना झाकूही शकतात; म्हणून ९५० च्या जवळपासचा आकडा स्वतःहून निर्दोष नोंदीची ग्वाही देत नाही. ती खात्री करून घ्यावयाची, तर जन्मसमयी उपस्थित असलेल्या व्यक्तीने तेथेच केलेली नोंद, मग ते बालक जगलेले असो वा नसो, ग्रामपंचायतीच्या नोंदवहीशी ताडून पाहावी लागते.