वारशाने आलेली चिनी मातीची भांडी : ओळख, कालनिर्णय व विक्री

रायगड जिल्ह्याच्या किनारपट्टीवर चिनी मातीच्या जुन्या भांड्यांचा प्रश्न दोन रूपांनी पुढे येतो. घराच्या कपाटात पिढ्यानपिढ्या जपलेला संच हे पहिले रूप. वाडीत विहीर किंवा आळे खणताना हाती लागणारे निळ्या नक्षीचे तुकडे हे दुसरे. दोहोंच्या परीक्षेची पद्धती एकच आहे, परंतु त्यांचा कायदा भिन्न आहे. म्हणून कालनिर्णय हा केवळ किमतीचा विषय नव्हे, हे प्रथम ध्यानात घ्यावयास हवे.

चौल हे प्राचीन बंदर. १५२१ पासून तेथे पोर्तुगीजांचे ठाणे होते, ते १७४० मध्ये मराठ्यांकडे आले. पश्चिमेकडील सागरी व्यापारात चिनी भांडी हा मोलाचा जिन्नस असल्याने चौल-रेवदंड्याच्या भूमीत त्यांचे अवशेष मिळावेत यात नवल नाही. एकोणिसाव्या शतकात मात्र मुंबईमार्गे इंग्लंड व युरोपातील कारखान्यांचा माल घरोघर पोहोचला. त्यामुळे ज्याला घरात ‘चिनी’ म्हणतात, ते चीनमधीलच असेल असे गृहीत धरता येत नाही.

परीक्षेचा आरंभ शिक्क्यापासून न करता मातीपासून करावा. पातळ काठ दिव्यासमोर धरावा. प्रकाश आरपार दिसला तर ते पोर्सलीन किंवा बोन चायना होय. न दिसल्यास बहुधा जाड, सच्छिद्र मातीचे झिलईदार भांडे असते. केओलिनयुक्त कठीण पोर्सलीन सुमारे १३०० अंश सेल्सियसला भाजतात. युरोपात ते मायसेन येथे अठराव्या शतकाच्या आरंभी साधले. सुमारे अर्धी हाडांची राख असलेले बोन चायना इंग्लंडमध्ये अठराव्या शतकाच्या अखेरीस रुळले. त्यानंतर बुडाचे कडे पाहावे. चिनी भांड्यांत ते पुष्कळदा बिनझिलईचे असते आणि कधी त्यास भट्टीतील वाळूचे कण चिकटलेले दिसतात. शेवटी नक्षी भिंगाखाली तपासावी. कुंचल्याच्या फटकाऱ्यात रंगाची घनता बदलते. छापील नक्षीत बारीक रेषा अथवा ठिपके आढळतात आणि किनारीवर कागदाचा सांधा उघड दिसतो.

यानंतर शिक्का. चिनी शिक्क्यात सहा अक्षरे असल्यास पहिली दोन राजवंशाची, पुढील दोन राजवटीची व अखेरची दोन ‘या काळी घडविले’ अशा अर्थाची असतात. परंतु पूर्वसूरींच्या आदरापोटी जुनी नावे घालण्याची चाल तेथे होती. कांग्शी काळातील (१६६२–१७२२) भांड्यांवर चंग्हुआ राजवटीची (१४६५–१४८७) मुद्रा वारंवार आढळते. म्हणजे माती व नक्षी यांच्याशी न जुळणारा शिक्का हा निर्णायक पुरावा ठरत नाही. इंग्रजी मालावर चौकोनी तिरपा नोंदणीशिक्का असल्यास ती आकृती १८४२ ते १८८३ या काळात नोंदविलेली होय. १८८४ पासून केवळ नोंदणीक्रमांक येतो. तोही आकृतीच्या नोंदणीचा काळ सांगतो; भांडे त्यानंतर केव्हाही घडलेले असू शकते. अमेरिकेच्या जकात कायद्यामुळे १८९१ पासून उत्पादक देशाचे नाव घालण्याची प्रथा वाढली. म्हणून ‘इंग्लंड’ हा शब्द असल्यास भांडे बहुधा त्यानंतरचे. पण शब्द नाही म्हणून ते त्यापूर्वीचे, असे अनुमान करणे सदोष होय.

विक्रीपूर्वी संपूर्ण संचाची मोजणी करून प्रत्येक भांड्याच्या दोन्ही बाजूंचे छायाचित्र घ्यावे. तडा, टवका, जोड व झिजलेला सोनेरी काठ यांची नोंद लपवू नये. अतिनील प्रकाशात डागडुजी बहुधा उघड होते. सोनेरी काठ घासू नये. दुकानातील मागणीचा भाव हा मूल्याचा पुरावा नव्हे. तुल्य वस्तूंना लिलावात प्रत्यक्ष मिळालेला भाव पाहावा. एकेक भांडे निवडून विकल्यास उरलेला संच निर्मोल होतो.

कायद्याचा मुद्दा येथे येतो. १९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी अधिनियमानुसार किमान शंभर वर्षे जुनी कलाकृती पुरावस्तू ठरते. तिचा व्यापार करणाऱ्यास परवाना लागतो; खाजगी व्यक्तीस ती निर्यात करता येत नाही. ही शंभर वर्षांची सीमा दरवर्षी पुढे सरकते, हे विसरू नये. जमिनीतून निघालेली वस्तू मात्र वारसा ठरत नाही. दहा रुपयांहून अधिक मोलाचा निधी सापडल्यास १८७८ च्या निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यास लेखी कळविणे आवश्यक आहे.

अभ्यासकाच्या दृष्टीने भांड्याहून मौल्यवान गोष्ट म्हणजे त्याची वाट. ते कोणी, कोठून, कोणत्या निमित्ताने आणले हे घरातील वडीलधाऱ्यांकडून विचारून तारखेसह लिहून ठेवावे. संच विकला गेला तरी ही नोंद राहते. नोंदीविना विकला गेल्यास तो किनाऱ्याच्या इतिहासातून कायमचा नाहीसा होतो.