न पाहिलेल्या विक्रेत्याची पारख

ज्या गुरुजनांच्या स्मरणार्थ आपली शाळा ही व्याख्यानमाला चालविते, त्यांच्या पिढीला 'लिलाव' हा शब्द प्रायः दोनच ठिकाणी भेटत असे : धान्याच्या मंडीत, आणि कर्जबाजारी गृहस्थाच्या दारात. आज तो घरोघरच्या मोबाइलमध्ये येऊन बसला आहे. जुनी नाणी, पितळी भांडी, दुर्मीळ पुस्तके, घड्याळे, टपाल तिकिटे अशा वस्तूंवर घरबसल्या बोली लावता येते. विकणारा कोण, हे मात्र कळत नाही. अशा न पाहिलेल्या विक्रेत्यावर विश्वास ठेवावा की न ठेवावा, हे कशावरून ठरवावयाचे, एवढाच या लेखाचा विषय आहे. भाषेच्या अध्यापकाने बाजारात का शिरावे, असे कोणी विचारील. परंतु विक्रेता आपल्यापुढे उभा राहतो तो केवळ शब्दांच्या रूपाने, आणि शब्दांची पारख हा तर आमचा जन्माचा धंदा.

प्रथम शब्दच पाहू. 'लिलाव' हा पोर्तुगीज 'लैलांव' या शब्दावरून मराठीत आला आणि पोर्तुगिजांनी तो अरबीतून उचलला, असे व्युत्पत्तिकार सांगतात. मूळ अरबी शब्दाचा अर्थ आहे पुकारा करणे, जाहीर करणे. या अर्थात लिलावाचे सारे मर्म आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही घर किंवा जमीन विकताना ती शेजाऱ्यांच्या समक्ष तीनदा पुकारावी, असा दंडक सांगितला आहे. वस्तू चारचौघांत मांडलेली, विकणारा समोर उभा, बोली बोलणारे एकमेकांस दिसणारे : या जाहीरपणातच लिलावाची हमी होती. आपल्या उज्जैनच्या मंडीत सोयाबीनचा किंवा गव्हाचा ढीग पुकारला जातो तेव्हा अनुभवी व्यापारी वरचे दाणे पाहून थांबत नाही. तो कोपरापर्यंत हात ढिगात घालून तळची मूठ वर काढतो, दाणा दाताखाली फोडून ओल अजमावतो. वरचा थर चांगला ठेवण्याची युक्ती त्याला ठाऊक असते, आणि ती त्याला ठाऊक आहे हे विकणाऱ्यालाही ठाऊक असते.

ऑनलाइन लिलावात हा हात ढिगात घालताच येत नाही. वस्तूच्या जागी छायाचित्र असते, विक्रेत्याच्या जागी एक घेतलेले नाव आणि इतर बोलीदारांच्या जागी काही अक्षरे. पुकारा मोठा झाला, पण जाहीरपणा गेला. ही उणीव भरून काढण्यासाठी पियरे ओमिदियार यांनी १९९५ साली अमेरिकेत सुरू केलेल्या व पुढे 'ईबे' म्हणून जगप्रसिद्ध झालेल्या बाजाराने १९९६ पासून एक उपाय योजला : व्यवहार झाल्यावर दोन्ही पक्षांनी एकमेकांविषयी अभिप्राय नोंदवावा आणि तो सर्वांस वाचता यावा. आपल्या देशात २००० साली 'बाझी' नावाचे असेच संकेतस्थळ निघाले. २००४ मध्ये ते ईबेने घेतले आणि २०१८ मध्ये ईबेचा भारतीय बाजार बंद झाला. बाजार आले आणि गेले, पण अभिप्रायाची व ताऱ्यांची पद्धत सर्वत्र रुजली.

ही पद्धत निरर्थक नाही. पॉल रेझ्निक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक सुरेख प्रयोग केला, तो २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. जुनी चित्रपत्रे विकणाऱ्या एका नावाजलेल्या विक्रेत्याने सारख्याच प्रतीचा माल काही वेळा स्वतःच्या नावाने व काही वेळा नव्याने घेतलेल्या अनोळखी नावांनी विकावयास ठेवला. ओळखीच्या नावाला सुमारे ८ टक्के अधिक किंमत मिळाली. सुकीर्तीला रोख मोल आहे, हे यावरून सिद्ध झाले. तथापि याच अभ्यासकाने रिचर्ड झेकहाउझर यांच्यासह केलेल्या आधीच्या पाहणीत असेही आढळले होते, की जेमतेम निम्मे खरेदीदार अभिप्राय लिहितात आणि लिहिलेल्यांपैकी शेकडा नव्व्याण्णवांहून अधिक चांगलेच असतात. याचे कारण माणसे तितकी सज्जन आहेत, एवढेच नव्हे. आपण वाईट लिहिले तर समोरचाही आपल्याविषयी वाईट लिहील, ही भीती त्यात होती. म्हणूनच २००८ मध्ये विक्रेत्यांनी खरेदीदारांविषयी प्रतिकूल अभिप्राय देण्याची सोय ईबेने काढून टाकली.

तेव्हा तारे मोजण्यापेक्षा अभिप्राय वाचावेत. विद्यार्थ्याच्या उत्तरपत्रिकेत पाठ केलेले वाक्य आणि स्वतः लिहिलेले वाक्य आम्हां शिक्षकांस लगेच वेगळे ओळखू येते. येथेही तोच डोळा वापरावा. 'उत्तम वस्तू, उत्तम सेवा' असे वीस जणांनी एकाच आठवड्यात लिहिले असेल, तर त्या वीस वाक्यांचे वजन एकाचेही नसते. उलट 'पेटीचा कोपरा दबला होता, तक्रार केल्यावर विक्रेत्याने निम्मे पैसे परत केले' हे तक्रारवजा वाक्य विक्रेत्याच्या बाजूची मोठी साक्ष असते. आणखी एक गोष्ट पाहावी, ती म्हणजे हे अभिप्राय मिळाले कोणत्या मालावर. शंभर रुपयांची पेने शंभर वेळा प्रामाणिकपणे विकून मिळविलेली कीर्ती एका लाखाच्या व्यवहारात एकदाच खर्च करून निघून जाणारे लोक असतात. लहान व्यवहारातील सचोटी मोठ्या व्यवहाराचा जामीन होऊ शकत नाही.

फसविणारा नेहमी ज्ञानी असल्याचा आव आणतो, असा आपला समज असतो. वस्तुतः कित्येकदा तो अज्ञानाचा आव आणतो. मे २००० मध्ये केनेथ वॉल्टन या अमेरिकन वकिलाने ईबेवर एक अमूर्त चित्र अवघ्या २५ सेंटांपासून बोलीला ठेवले. वर्णनात चित्रकाराचे नाव नव्हते. घरातली अडगळ काढीत असल्यासारखी भाषा होती. मुलाच्या खेळण्याने चित्राला भोक पडल्याचीही कबुली होती. छायाचित्राच्या कोपऱ्यात मात्र रिचर्ड डीबेनकॉर्न या प्रख्यात चित्रकाराची वाटावीत अशी आद्याक्षरे दिसत होती. ग्राहकाला वाटले, या भोळ्याला आपल्या घरातील रत्न कळलेले नाही! बोली १,३५,८०५ डॉलरांवर गेली. पुढे उघड झाले, की वॉल्टन व त्याचे साथीदार निरनिराळ्या नावांनी आपल्याच मालावर बोली चढवीत होते. विक्री रद्द झाली आणि २००१ मध्ये वॉल्टनने न्यायालयात गुन्हा कबूल केला. या प्रकरणात खोटे असे विधान ग्राहकाने स्वतःच्या मनात स्वतःच रचले होते. विक्रेत्याने त्यासाठी फक्त जागा मोकळी ठेवली होती. बनावट बोलीविषयी आपला कायदाही स्पष्ट आहे. १९३० च्या मालविक्री अधिनियमाच्या ६४ व्या कलमान्वये विक्रेत्याने किंमत चढविण्यासाठी खोटी बोली लावली, तर विक्री रद्द करविण्याचा अधिकार खरेदीदारास मिळतो. अडचण कायद्याची नाही, पुराव्याची आहे.

आपल्याकडे त्या चित्राची जागा नाण्यांनी घेतली आहे. माळवा ही नाण्यांची भूमी. चार टोकांना चार वर्तुळे असलेल्या क्रुसासारखी आकृती 'उज्जयिनी चिन्ह' म्हणूनच नाणकशास्त्रात ओळखली जाते आणि ती सातवाहनांच्या नाण्यांवरही आढळते. दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये आपले ठाणे ग्वाल्हेरीकडे हलविण्यापूर्वी शिंद्यांची राजधानी येथेच होती. त्यामुळे जुनी नाणी आपल्या घरांतून आजही निघतात, आणि 'उज्जैनला निघालेले नाणे' एवढे म्हटले की दूरच्या ग्राहकाला ते खरे वाटू लागते. मराठी माणसाचे मन तर शिवरायांच्या नाण्यापुढे विरघळतेच. १६७४ च्या राज्याभिषेकाशी निगडित सोन्याचा शिवराई होन अत्यंत दुर्मीळ आहे. तांब्याच्या शिवराया मात्र पुष्कळ मिळतात. दुर्मिळाची हाव आणि विपुलाची ओळख यांच्यामधल्या जागेत नकली मालाचा बाजार भरतो.

आपल्या शाळेचा, सध्या परगावी असलेला एक माजी विद्यार्थी वडिलांच्या पंचाहत्तरीनिमित्त त्यांना असा होन भेट द्यावयास निघाला होता. बोली संपावयास काही तास उरले असता त्याने छायाचित्र पाठवून माझे मत विचारले. नाणे पाहण्यापेक्षा मी त्याला विक्रेत्यास चार गोष्टी विचारावयास सांगितले : नाण्याचे वजन किती, कडेचे छायाचित्र मिळेल काय, शेजारी आजचे वर्तमानपत्र ठेवून दुसरे छायाचित्र काढाल काय, आणि जाणकाराने नाणे खोटे ठरविल्यास पैसे लेखी हमीवर परत द्याल काय. यांपैकी एकही मागणी अवघड नव्हती. सोने पाण्याच्या सुमारे १९.३ पट जड असते आणि पितळ साधारण साडेआठ पट. म्हणजे त्याच आकाराचे पितळी नाणे निम्म्याहूनही कमी भरते. वजन बरोबर भरले म्हणजे नाणे अस्सल ठरते असे नव्हे, पण चुकले तर पुढे बोलावयास नको. ठशाने पाडलेल्या नाण्याची कड आणि साच्यात ओतलेल्या नाण्याची कड यांत फरक असतो. ओतीव नाण्याच्या कडेला कित्येकदा सांधा दिसतो. विक्रेत्याचे उत्तर आले, की दोन ग्राहक थांबले आहेत, पैसे ताबडतोब आणि थेट खात्यावर पाठवा, किंमत थोडी कमी करतो. मुलाने ते छायाचित्र इंटरनेटवर शोधून पाहिले, तर तोच ओरखडा असलेले तेच चित्र आणखी एका विक्रेत्याच्या नावावर निघाले. वडिलांना त्याने शेवटी तांब्याची एक शिवराई दिली, आणि ते प्रसन्न झाले.

अशा विक्रेत्यांची एक आवडती कथा असते : शेत नांगरताना हंडा सापडला. या कथेचा विचार शांतपणे करावा. १८७८ च्या गुप्तधनविषयक अधिनियमानुसार दहा रुपयांहून अधिक मोलाचे भूमिगत धन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यास कळविणे बंधनकारक आहे. १९७२ च्या पुरावशेष अधिनियमानुसार शंभर वर्षांहून जुन्या नाण्यांसारख्या वस्तूंचा व्यापार करण्यास परवाना लागतो आणि खासगी व्यक्तीला त्या परदेशी पाठविता येत नाहीत. तेव्हा कथा खरी असेल तर विक्रेता कायदा मोडतो आहे आणि खोटी असेल तर तो आपल्याला फसवितो आहे. दोन्ही परींनी त्याच्यापासून दूर राहणे बरे. अमेरिकेतील आपल्या मुलांनी 'तिकडे पाठवून द्या' म्हटले, तरी हे ध्यानात असावे.

याउलट नागपूरच्या पहिल्या रघुजी भोसल्यांची तलवार पाहा. एप्रिल २०२५ मध्ये लंडनच्या सदबीज या लिलावगृहात ती विक्रीस आली आणि महाराष्ट्र शासनाने मध्यस्थामार्फत सुमारे ४७ लाख रुपयांत ती मिळविली. तेथे वस्तूचे वर्णन व पात्यावरील देवनागरी नाव आगाऊ प्रसिद्ध झाले होते, जगभरच्या अभ्यासकांना ते तपासता येत होते, आणि चूक निघाल्यास नाव जाणार होते ते एका जुन्या पेढीचे. लिलावगृहे चुकत नाहीत असे नव्हे. पण चुकले तर त्यांना गमवावे लागते.

माझ्या मते पारखीची खरी खूण हीच आहे : व्यवहार बिघडला तर तोटा कोणाच्या अंगावर येणार? विक्रेता किती गोड बोलतो, त्याचे तारे किती, हे दुय्यम. माल परत घेण्याचे तो लिहून देतो काय? माल पोचेपर्यंत पैसे बाजाराच्या ताब्यात राहू देतो काय? खरे नाव, पत्ता, पावती देतो काय? २०२० च्या ग्राहक संरक्षण नियमांनुसार अशा बाजारांनी विक्रेत्याचे नाव, पत्ता व संपर्क ग्राहकास उपलब्ध करून द्यावयाचा असतो. तो मागण्यात संकोच कसला? जो पहिल्याच निरोपात बाजाराबाहेर येऊन थेट पैसे मागतो, त्याने सारा तोटा आपल्या पदरात टाकण्याची व्यवस्था केलेली असते. आणि या कसोटीला उतरणारा विक्रेता अगदी नवा, एकही तारा नसलेला असला, तरी त्याला संधी द्यावी. प्रत्येक जुना विक्रेता कधी तरी नवाच होता.

ही कसोटी आपल्याच नगरीतील नाटकात सापडते. शूद्रकाच्या मृच्छकटिकात वसंतसेना आपले दागिने चारुदत्ताकडे ठेव म्हणून ठेवते. घर फोडले जाते, दागिने जातात. साक्षीदार नाही, तेव्हा ठेव मिळालीच नाही असे म्हणू, असे मैत्रेय सुचवितो. चारुदत्त त्यास तयार होत नाही आणि पत्नीची अधिक मोलाची रत्नमाला बदली पाठवितो. उज्जयिनीत त्याच्या शब्दाला मोल होते ते यामुळे. त्याच नाटकाच्या नवव्या अंकात न्यायाधीश वसंतसेनेच्या आईला दागिने ओळखावयास सांगतात. ती म्हणते, दिसतात तसेच, पण ते हे नव्हेत, कारागिराच्या कसबाने नजर बांधली जाते. म्हातारीचे हे बोलणे खरे पाहता खोटे असते, चारुदत्ताला वाचविण्यासाठी केलेले. परंतु हुबेहूब नक्कल होऊ शकते, हे न्यायालयास पटण्याजोगे वाटते.

आता विकणाऱ्यांविषयी थोडे, कारण आपल्यापैकी वयस्कर मंडळी बहुधा या बाजूने फसतात. 'पाच रुपयांच्या जुन्या नोटेचे लाखो रुपये' अशा जाहिराती पाहून पेटीतली नोट काढली जाते आणि समोरचा ग्राहक नोंदणी शुल्क, कर, कमिशन अशा नावांनी आपल्याकडूनच पैसे मागू लागतो, तेही रिझर्व्ह बँकेचे नाव व चिन्ह वापरून. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये याबाबत जाहीर इशारा दिला, की अशा व्यवहारांशी तिचा संबंध नाही आणि ती असे कोणतेही शुल्क घेत नाही. तसेच, पैसे स्वीकारण्यासाठी यूपीआयचा पिन कधीही टाकावा लागत नाही. तो टाकावयास कोणी सांगितले, की पैसे येणार नसून जाणार आहेत असे समजावे.

नाण्याची शंका असेल तर आपल्या पटनी बाजारातल्या ओळखीच्या सराफाकडून निदान वजन व धातू पाहून घ्यावा. इतिहासाची बाजू मात्र सराफाची नव्हे. त्यासाठी आपल्याच जिल्ह्यात महिदपूरला अश्विनी शोध संस्थान आहे, तेथील नाणी पाहून नजर तयार करावी. आणि फसवणूक झालीच, तर लाजेखातर घरात गप्प बसू नये. विक्रेत्याचे निरोप, छायाचित्रे, बँकेची नोंद पुसून न टाकता १९३० या क्रमांकावर त्वरित कळवावे. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात सरकण्यापूर्वी तक्रार पोचली, तर ते गोठविता येण्याची शक्यता असते. दुसऱ्या दिवशी ती पुष्कळच कमी झालेली असते.