नव्या संगणकात उतरवलेले फोटो कुठे सापडतात?

गेल्या उन्हाळ्यात एका रविवारी रात्री वेल्ह्याकडच्या ओळखीच्या घरातून मला फोन आला. फोनवर त्या घरची कॉलेजात शिकणारी मुलगी होती. "काका, जयभीम. आजीचे सगळे फोटो गेले," एवढेच बोलली आणि रडायला लागली.

आजी जाऊन पंधरा दिवसही झाले नव्हते. पुढच्या रविवारी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता आणि त्यासाठी एक मोठा फोटो करून घ्यायचा होता. आजीने जन्मभर दुसऱ्याच्या बांधावर कामे केली, स्टुडिओत जाऊन फोटो काढायची हौस तिला कुठून असणार? एक आधारकार्डावरचा फोटो, तोही घरच्यांनाच ओळखू न येणारा. चांगले फोटो निघाले ते एकदाच. भातझोडणीच्या दिवसांत नातू कोणाचा तरी जुना डिजिटल कॅमेरा घेऊन आला होता. त्यात आजी खळ्यावर उभी, आजी नातवंडांना घेऊन ओट्यावर, असे चाळीसएक फोटो होते.

मुलीच्या शिक्षणासाठी हप्त्यांवर नवा लॅपटॉप घेतला होता. तिने कॅमेरा वायरने जोडला, पडद्यावर चौकट आली, तिने "इम्पोर्ट" दाबले. काम झाल्याचे संगणकाने सांगितले. नंतर पाहते तर कॅमेरा रिकामा आणि लॅपटॉपमध्येही फोटो नाहीत! थोरला भाऊ चिडला, वडील गप्प बसले. "एवढे महागाचे यंत्र घेतले कशाला?" असा सूर निघाला. मुलीच्या हातून चूक झाली की घरातले संगणकालाच नावे ठेवतात आणि मग तिचे शिकणेच अडते, हे मी बऱ्याच घरांत पाहिले आहे. म्हणून सोमवारी ऑफिस सुटल्यावर भोरहून नसरापूरमार्गे थेट त्यांच्याकडे गेलो.

मी कारकून माणूस. आमच्याकडे कागद आला की आवक नोंदवहीत नोंद होते आणि कागद कपाटातल्या फाइलला लागतो. कागद दिसत नसला की नवखा माणूस "गहाळ झाला" म्हणून मोकळा होतो. जुना कारकून आधी कपाट उघडतो, कारण दहापैकी नऊ वेळा कागद दुसऱ्याच फाइलला लागलेला असतो. संगणकाचेही तसेच आहे. "फोटोज" नावाचा जो प्रोग्रॅम आपण उघडतो ती नोंदवही समजा. खरे फोटो असतात फोल्डरात, म्हणजे कपाटात. ते कपाट उघडायचे तर विंडोजची खूण असलेली कळ आणि ई ही कळ एकत्र दाबायची, म्हणजे फाइल एक्सप्लोरर उघडतो. त्यात "पिक्चर्स" नावाचे फोल्डर असते. संगणकाला दुसरे काही सांगितले नसेल तर उतरवलेले फोटो बहुधा त्याच्याच पोटात जातात.

आम्ही ते उघडले. आत आणखी चार-पाच फोल्डर होते, त्यांना नावे म्हणून नुसते आकडे. मुलगी म्हणाली, "काका, मी हे पाहिले. गेल्या वर्षीचे त्यात काहीच नाही." मग दुसरा उपाय केला. उजव्या कोपऱ्यातल्या शोधाच्या जागेत तारकेचे चिन्ह, टिंब आणि पुढे जेपीजी ही तीन इंग्रजी अक्षरे लिहिली. अशाने त्या फोल्डरातले आणि त्याच्या आतल्या सगळ्या फोल्डरांतले जेपीजी फोटो एका जागी दिसतात. (आयफोनचे फोटो पुष्कळदा एचईआयसी प्रकारचे असतात, ते शोधताना ती चार अक्षरे लिहावीत.) यादी सरकत गेली आणि एकदम खळ्यावरची आजी समोर आली. तिचे वडील खुर्चीवरून उठून उभे राहिले.

फोटोवर उजवी कळ दाबून "ओपन फाइल लोकेशन" निवडले, तेव्हा पत्ता कळला. फोल्डरचे नाव होते २००८ सालच्या जानेवारी महिन्याचे! झाले होते असे, की कॅमेऱ्याच्या घड्याळाची बॅटरी कधीच संपली होती. चालू केला की तो तारीख विचारायचा आणि नातू न वाचता "ओके" दाबायचा. त्यामुळे प्रत्येक फोटोवर १ जानेवारी २००८ ही तारीख बसली. डिजिटल कॅमेरा फोटोच्या पोटातच तारीख, वेळ अशी माहिती लिहून ठेवतो. तिला एक्झिफ म्हणतात, १९९५ साली जपानमध्ये ती पद्धत ठरली. काही प्रोग्रॅम याच तारखेवरून फोल्डर करतात, काही उतरवल्याच्या दिवसावरून. संगणकाने बिचाऱ्याने काम चोख केले होते. मुलगी शोधत होती गेल्या वर्षात आणि आजी बसली होती २००८ सालात.

आता कॅमेरा रिकामा का झाला? इम्पोर्टच्या वेळी, उतरवून झाल्यावर मूळ फोटो पुसून टाकायचे का, अशी एक लहानशी चौकट असते. तिथे खूण पडली होती. माझे ऐकाल तर ती खूण कधीही करू नका. फोटो नव्या जागी उघडून डोळ्यांनी पाहावेत आणि मगच कॅमेरा किंवा मोबाइल रिकामा करावा. खरे तर इम्पोर्टच्या भानगडीत न पडता हाताने नक्कल करणे मला जास्त पसंत आहे. कॅमेऱ्यात आणि अँड्रॉइड मोबाइलमध्ये डीसीआयएम नावाचे फोल्डर असते, मूळ फोटो तिथे असतात. ते उघडायचे, हवे ते फोटो निवडून कॉपी करायचे आणि आपण स्वतः नाव दिलेल्या फोल्डरात, समजा "आजी" या नावाच्या, पेस्ट करायचे. व्हॉट्सअॅपवर आलेले फोटो मात्र डीसीआयएममध्ये मिळत नाहीत, त्यांचे फोल्डर वेगळे असते. ते फोटो आकाराने लहान करून पाठवलेले असतात, म्हणून मोठी प्रत काढायची असेल तर मूळ फोटोच मागवावा.

कॅमेऱ्यातूनही गेले आणि संगणकातही खरोखरच नाहीत, असे झाले तरी लगेच हाय खाऊ नये. पुसलेला फोटो नवा मजकूर त्याच्यावर बसेपर्यंत पुष्कळदा कार्डात शिल्लक असतो. त्या कार्डावर एकही नवा फोटो न काढता ते जाणकाराकडे न्यावे.

नव्या लॅपटॉपात आणखी एक चकवा असतो. मायक्रोसॉफ्टचे खाते जोडले की पुष्कळदा वनड्राइव्ह सुरू होते आणि "पिक्चर्स" या नावाची दोन फोल्डरे दिसू लागतात, एक साधे आणि एक वनड्राइव्हच्या आतले. एकात नसेल तर दुसऱ्यात पाहावे. वनड्राइव्हमध्ये फुकटची जागा ५ जीबीच असते आणि आपल्या डोंगरी भागात रेंजचा भरवसा नाही, तेव्हा तेवढ्यावरच विसंबू नये.

त्या घरी मी पेनड्राइव्ह मागवून दुसरी प्रत करायला लावली आणि तो पुण्यात राहणाऱ्या आत्याकडे ठेवायला सांगितले. वडील म्हणाले, "भाऊ, घरात आहेत की आता." मी त्यांना पानशेतची आठवण दिली. धरण आपल्या वेल्ह्याकडचे. ते फुटले १२ जुलै १९६१ रोजी आणि पाणी पुण्यातल्या घरांत शिरले. लोक जीव घेऊन धावले, भिंतीवरच्या तसबिरी काढायला वेळ कोणाला होता? एकाच घरात दोन प्रती असल्या तरी दोन्ही एकदमच भिजायच्या.

शनिवारी भोरमधून मोठी प्रत काढून आणली. कॅमेऱ्याने कोपऱ्यात पिवळ्या आकड्यांत १ जानेवारी २००८ अशी तारीख छापली होती. मी म्हटले, एवढी कडा कापून घेऊ. मुलगी म्हणाली, "नको काका, आजीच्या पदराचा काठ जाईल." रविवारी फोटो तसाच लावला. दोघांनी तारखेबद्दल विचारलेही, त्यांना तिनेच सगळी हकिगत सांगितली.