सक्रियण ऊर्जेचे मापन : शालेय प्रयोगशाळेतील एक प्रयोग

अभिक्रिया घडण्यासाठी रेणूंची नुसती टक्कर पुरत नाही. त्या टकरीत किमान काही ऊर्जा असावी लागते. हीच सक्रियण ऊर्जा होय. ती थेट दाखवणारे उपकरण शाळेत नसते, म्हणून बारावीचे विद्यार्थी बहुधा सूत्र पाठ करून मोकळे होतात. वास्तविक स्टॉपवॉच, तापमापक आणि कागदावर काढलेली फुली एवढ्या साहित्यात ती काढता येते.

सोडिअम थायोसल्फेटच्या, म्हणजे छायाचित्रकारांच्या ‘हायपो’च्या द्रावणात विरल हायड्रोक्लोरिक आम्ल मिसळले की गंधकाचे सूक्ष्म कण तयार होऊन द्रावण गढूळ होते. शंकुपात्राखालची फुली वरून दिसेनाशी होईपर्यंतचा वेळ मोजावा. २० ते ५० अंश सेल्सिअसच्या दरम्यान पाच तापमानांना हे करावे. द्रावणांचे प्रमाण, पात्र, फुली, इतकेच काय पाहणाराही तोच असावा. फुली लोपते तेव्हा दर वेळी जवळपास सारखेच गंधक तयार झालेले असते. म्हणून वेळेचा व्यस्तांक हे वेगाचे माप ठरते. सल्फर डायऑक्साइड वायू सुटतो, तेव्हा खिडक्या उघड्या हव्यात आणि दम्याच्या विद्यार्थ्यांना दूर ठेवावे.

स्वीडिश शास्त्रज्ञ स्वांते अर्हेनियस यांनी १८८९ मध्ये, उसाच्या साखरेवरील आम्लाच्या क्रियेचा विचार करताना, वेग व तापमान यांचा संबंध मांडला. त्यानुसार वेगाचा नैसर्गिक लॉगॅरिथम उभ्या अक्षावर आणि केल्व्हिन तापमानाचा व्यस्तांक आडव्या अक्षावर घेतल्यास उतरती सरळ रेषा मिळते. उताराचे उणे चिन्ह सोडून त्यास ८.३१४ ने गुणले की उत्तर ज्यूल प्रति मोलमध्ये येते. समजा, २५ अंशांना ८० सेकंद व ३५ अंशांना ४० सेकंद लागले, तर उत्तर सुमारे ५३ किलोज्यूल. ६० व ३० सेकंद लागले असते तरी तेच! महत्त्व गुणोत्तराला आहे.

तापमानाच्या बाबतीत मात्र अशी सवलत नाही. गरम थायोसल्फेटमध्ये थंड आम्ल ओतताच मिश्रण निवते. वरच्या उदाहरणात ३५ अंश लिहिलेले मिश्रण प्रत्यक्षात ३३ अंशांवर असेल, तर खरे उत्तर ५३ नव्हे, ६६ किलोज्यूलच्या आसपास निघते. म्हणून तापमान मिश्रणाचेच, आरंभी व अखेरीस घेऊन सरासरी काढावी. रेषेबाहेर गेलेला बिंदू खोडून वहीत ‘बरोबर’ उत्तर जुळवण्याची प्रथा येथे विशेष घातक आहे. त्या बिंदूचे तापमान पुन्हा तपासले तर निवलेले मिश्रण बहुधा तेथेच सापडते.