संगणकाला नियम कसा कळतो?

पीएम-किसान योजनेत पात्र कुटुंबाला वर्षाला ६,००० रुपये मिळतात. ही पात्रता संगणक तपासतो. त्यासाठी प्रत्येक नियम त्याला ‘असे असेल तर तसे’ या रीतीने द्यावा लागतो. उदाहरणार्थ, १ फेब्रुवारी २०१९ नंतर जमीन नावावर झाली असेल तर अर्जदार अपात्र; परंतु खातेदाराच्या मृत्यूमुळे ती वारसाने आली असेल तर पात्र. फेरफार वाचणारा माणूस हा अपवाद लगेच ओळखतो. संगणक मात्र भरलेली माहितीच पाहतो. कारण चुकीचे भरले, तर त्याच्या लेखी वारस आणि खरेदीदार सारखेच. म्हणून अर्जात ‘वारसा’ हेच कारण नोंदवावे, फेरफाराची प्रत जपून ठेवावी. अर्ज नामंजूर झाल्यास कोणत्या अटीवर अडला, हे तालुका कृषी कार्यालयात जरूर विचारावे.