परसबागेतील दोन शिंबी : कुहिली आणि अबई

परसबागेत औषधी वनस्पती लावाव्यात, असा सल्ला आम्ही रुग्णांना वारंवार देतो. तुळस, अडुळसा, गुळवेल, शतावरी यांबाबत फारशी शंका उद्भवत नाही. वेलवर्गीय शिंबींचा प्रश्न मात्र निराळा आहे. कुहिली आणि अबई या दोन वेलींविषयी रुग्ण एकाच श्वासात विचारतात. दोहोंची पाने त्रिदल, दोहोंना मांडव लागतो आणि दोहोंची बीजे ठसठशीत, त्यामुळे "दोन्ही पौष्टिकच ना?" असा प्रश्न सहज येतो. वास्तविक एक प्राधान्याने औषध आहे आणि विशिष्ट संस्कारानंतरच आहारात येऊ शकते. दुसरी भाजी आहे, परंतु केवळ कोवळेपणी. हा भेद रुग्णास स्पष्ट सांगितला नाही तर अपाय होऊ शकतो, म्हणून दोहोंची तुलना येथे करीत आहोत.

प्रथम कुहिली. आत्मगुप्ता, कपिकच्छू, मर्कटी, शूकशिंबी, प्रावृषायणी ही पर्यायनामे पाहिली तरी वेलीचे वर्णन डोळ्यांसमोर उभे राहते. पावसाळ्यात उगवते म्हणून प्रावृषायणी. शेंगेवर शूक म्हणून शूकशिंबी. स्पर्शाने माकडासही खाजवायला लावते म्हणून कपिकच्छू. फुले गर्द जांभळी, लोंबत्या घोसांत येतात. शेंग बोटाएवढी, इंग्रजी 'एस' अक्षरासारखी वळलेली, तपकिरी लवीने आच्छादलेली असते. आत चार ते सहा काळी किंवा चित्रविचित्र ठिपक्यांची चकचकीत बीजे असतात. नाभी आखूड आणि भोवती मलईच्या रंगाची उंच कड असते. बाजारातील 'कवचबीज' हेच.

लवीतील दाहकता दोन कारणांनी येते. लवीत प्रथिने तोडणारे म्युक्युनेन नावाचे विकर असते आणि सोबत सिरोटोनिनही असते. वाळलेली लव वाऱ्याने उडते व डोळ्यांत गेल्यास गंभीर दाह होतो. एकोणिसाव्या शतकातील ब्रिटिश वैद्यकात हीच लव पाकात कालवून कृमींवर दिली जात असे. आज असा प्रयोग कोणीही करू नये. लव अंगास लागल्यास चोळू नये, कपडे बदलून भरपूर पाण्याने धुवावे. डोळ्यास लागल्यास सतत पाण्याने धुवून नेत्रचिकित्सकाकडे पाठवावे. ज्या घरी लहान मुले आहेत, त्या अंगणात रानटी कुहिली लावू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. लागवडीस योग्य तो खाजरहित प्रकार. त्याच्या शेंगेवरील लव मऊ मखमलीसारखी असते, बीजे तुलनेने मोठी व बहुधा पांढरी, करडी किंवा काळी असतात. शेतकरी हाच प्रकार हिरवळीच्या खतासाठी पेरतात.

आता मुख्य मुद्दा. कवचबीजातील लेव्होडोपा हे द्रव्य १९३७ साली दामोदरन आणि रामस्वामी यांनी वेगळे केले. बीजात त्याचे प्रमाण साधारण चार ते सहा टक्के असते. जात, भूमी आणि संस्कार यांनुसार ते बदलते. हिशेब सोपा आहे : पाच ग्रॅम अशोधित चूर्णात सुमारे २०० ते ३०० मिलिग्रॅम लेव्होडोपा येतो. कंपवातासाठी आधुनिक चिकित्सक देतात त्या गोळीत बहुधा १०० मिलिग्रॅम लेव्होडोपा आणि सोबत कार्बिडोपा असतो. कार्बिडोपा लेव्होडोपाचे मेंदूबाहेरील रूपांतर रोखतो, म्हणून अल्प मात्रा पुरते. नुसत्या चूर्णातील बराच लेव्होडोपा मेंदूपर्यंत पोहोचण्यापूर्वीच खर्ची पडतो. त्यामुळे ते सौम्य वाटते. परंतु रुग्ण त्या गोळ्या आधीच घेत असेल, तर गोळीतील कार्बिडोपा चूर्णातील लेव्होडोपासही संरक्षण देतो आणि एकूण मात्रा अनपेक्षितपणे वाढते. अनैच्छिक हालचाली, भास, उभे राहताच रक्तदाब घसरणे ही लक्षणे मग 'वाताचा प्रकोप' म्हणून आपल्याकडे येतात. कंपवाताच्या वृद्ध रुग्णाच्या घरी अंगणातील कुहिलीचे चूर्ण 'बल्य' म्हणून रोज दुधातून दिले जाते का, हे विचारल्याशिवाय चिकित्सापत्र लिहू नये.

याचा अर्थ द्रव्य निरुपयोगी असा नव्हे. लंडन येथे २००४ साली प्रसिद्ध झालेल्या छोट्या अभ्यासात कंपवाताच्या आठ रुग्णांना कपिकच्छूबीजाचे ३० ग्रॅम कल्प दिले असता, प्रचलित गोळीपेक्षा परिणाम लवकर सुरू झाला व अधिक काळ टिकला. आठ ही संख्या अल्पच, परंतु द्रव्याचे सामर्थ्य त्यातून दिसते. या सामर्थ्याची दुसरी बाजूही नोंदली गेली आहे. उत्तर मोझांबिकमध्ये युद्ध आणि अवर्षणाच्या काळात लोकांना हेच बीज अन्न म्हणून खावे लागले. एरवी ते अनेकदा उकळून पाणी टाकून दिले जाई. पाण्याच्या टंचाईत ते जमले नाही आणि उन्मादसदृश लक्षणांची साथ उद्भवली. 'लॅन्सेट'मध्ये १९९० साली त्याचा वृत्तांत आला. आपल्याकडे पश्चिम घाटाच्या दक्षिण भागातील काणिक्कर आदिवासीही हे बीज वारंवार उकळून, प्रत्येक वेळी पाणी टाकूनच खातात.

आपल्या शास्त्रातील शोधनविधी या दृष्टीने पुन्हा पाहण्यासारखा आहे. बीज गोदुग्धात दोलायंत्राने स्वेदन करून, टरफल काढून, वाळवून चूर्ण करावे, हा क्रम वानरी गुटिकेतही मूलतः हाच आहे : दुधात शिजविणे, निस्तुष करणे, वाटणे, तुपात तळणे, शर्करेच्या पाकात घालून मधात ठेवणे. लेव्होडोपा विद्राव्य असल्याने स्वेदनात त्याचा काही अंश निघून जातो, टरफलातील कषाय द्रव्ये तर जातातच. म्हणून 'शोधित' आणि 'अशोधित' चूर्ण ही मात्रेच्या दृष्टीने एक नव्हेत. औषधालयांनी वेष्टनावर हा भेद छापावा, ही आमची जुनी मागणी आहे. बीज खरेदी करताना रानटी व लागवडीचे मिश्रण घेऊ नये. निदान एका घाण्यात एकाच प्रकारचे बीज वापरावे, म्हणजे मात्रेत सातत्य राहील. गर्भिणी, मनोविकारावरील औषधे घेणारे, काचबिंदूचे रुग्ण आणि रक्तदाबाच्या गोळ्या घेणारे यांना घरगुती कुहिली नकोच.

अबईविषयी एवढे लिहावे लागत नाही, कारण तिचा वापर सरळ आहे. कोकणात ती सर्वपरिचित. वेल बळकट, बहुवर्षायू; फुले फिकट गुलाबी-जांभळट. शेंग तलवारीच्या पात्यासारखी, वीतभर ते हातभर लांब आणि तीन-चार बोटे रुंद असते. बीज मोठे, बहुधा लालसर, आणि नाभी जवळजवळ बीजाच्या लांबीइतकी. झुडपी वाढणाऱ्या भगिनी जातीचे बीज पांढरे व नाभी निम्म्याहून कमी असते; तिलाही काही भागांत अबईच म्हणतात. निघंटूंच्या शाकवर्गातील कोलशिंबी म्हणजे अबई, असे अनेक अभ्यासक मानतात. गुरु, उष्ण, वातघ्न आणि अग्निमांद्यकर हे तिचे वर्णन अनुभवाशी जुळते. मंदाग्नीच्या रुग्णास ही भाजी रात्री देऊ नये. हिंग, आले आणि ओवा यांची फोडणी असावी.

शेंग कोवळी, लवचीक, आतील दाणा नुकता धरलेला असतानाच खुडावी, कडेचे दोर काढून बारीक चिरावी आणि पूर्ण शिजवावी. पक्व दाण्यात कॅनाव्हॅनिन हे अनिष्ट अमिनो आम्ल आणि आतड्याच्या अस्तरास चिकटणारे लेक्टिन असते. (झुडपी अबईच्याच बीजाच्या पिठातून जेम्स समनर यांनी १९२६ साली युरिएज हे विकर प्रथम स्फटिकरूपात मिळविले आणि १९४६ साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळविला; स्वयंपाकघरात उपेक्षित ठरलेल्या दाण्याने प्रयोगशाळेत असा मान मिळविला!) येथे एक धोका विशेषत्वाने सांगावयास हवा. आपल्या घरांत वाल भिजवून, मोड आणून, सोलून बिरडे करण्याची पद्धत आहे. परसातील अबईचे टपोरे पक्व दाणे पाहून गृहिणीस तोच मोह होतो. अबईच्या दाण्याचे बिरडे करू नये. कॅनाव्हॅनिन पाण्यात उतरते, परंतु उष्णतेने सहजी नष्ट होत नाही. मोड आणल्याने किंवा एका वाफेने दाणा निर्धोक होत नाही.

लागवडीत दोहोंची गरज भिन्न आहे. कुहिली ज्येष्ठ-आषाढात पेरावी. दिवस लहान होऊ लागले की ती फुलते आणि पौषाच्या सुमारास शेंगा वाळतात. दव असताना, हातमोजे व चष्मा घालून शेंगा काढाव्यात, वेल मग उपटून खतात टाकावी. अबई एकदा लावली की दोन-तीन वर्षे देत राहते, पाणी कमी असले तरी तग धरते. मात्र मांडव मजबूत हवा. ज्यांस भाजी हवी त्यांनी अबई लावावी. ज्यांचे औषधालय आहे व कुंपणालगत मोकळी जागा आहे त्यांनी खाजरहित कुहिली. दोन्ही एकाच मांडवावर चढवू नयेत, कारण शेंगा खुडणारा हात नेहमी जाणकाराचाच असतो असे नाही. बियाण्यासाठी ठेवलेले दाणे स्वतंत्र डब्यांत, नाव व वर्ष लिहून, धान्याच्या फडताळापासून दूर ठेवावेत.